दक्षिण आशियातील मानवी तस्करी

दक्षिण आशियातील मानवी तस्करी म्हणजे भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, अफगाणिस्तान, भूतान आणि मालदीव या देशांच्या अंतर्गत भागांत, त्यांच्या परस्पर सीमांपलीकडे आणि या देशांतून आखाती व आग्नेय आशियाई देशांकडे शोषणाच्या हेतूने होणारी माणसांची भरती, ने-आण व खरेदी-विक्री होय. लैंगिक शोषण, वेठबिगारी, बालमजुरी, घरकाम, सक्तीचा विवाह, भीक मागायला लावणे आणि अवयवांची विक्री हे या तस्करीचे प्रमुख हेतू आहेत. या प्रदेशातील बहुतेक प्रकरणांत अपहरणापेक्षा नोकरीचे आश्वासन, लग्नाचे आमिष किंवा आगाऊ दिलेली रक्कम यांचा वापर होतो आणि दलाल हा पुष्कळदा पीडिताच्या ओळखीचा असतो. त्यामुळे कायदेशीर स्थलांतर आणि तस्करी यांतील सीमारेषा ओळखणे, हा प्रतिबंधाच्या कामातील सर्वांत कठीण भाग ठरला आहे.

संज्ञा आणि व्याख्या

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ नोव्हेंबर २००० रोजी स्वीकारलेला आणि २५ डिसेंबर २००३ पासून अमलात आलेला पालेर्मो शिष्टाचार हा मानवी तस्करीच्या आजच्या व्याख्येचा आधार आहे. या व्याख्येचे तीन घटक आहेत: कृती (भरती, वाहतूक, हस्तांतर, आश्रय देणे किंवा ताब्यात घेणे), साधन (बळ, धाक, फसवणूक, असहाय स्थितीचा गैरफायदा किंवा पैशाची देवाणघेवाण) आणि हेतू (शोषण). पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असल्यास साधन सिद्ध करण्याची आवश्यकता नसते. वरीलपैकी एखादे साधन वापरले गेले असल्यास पीडिताने दिलेली संमती गैरलागू ठरते.

तस्करीसाठी सीमा ओलांडणे आवश्यक नसते. एखाद्या मजुराला त्याच्याच जिल्ह्यातील वीटभट्टीवर फसवून नेणे हीदेखील तस्करी ठरू शकते. याउलट, पैसे घेऊन एखाद्याला बेकायदा सीमापार नेणे हा स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीचा स्वतंत्र गुन्हा आहे. तथापि, चोरट्या वाहतुकीने सुरू झालेला प्रवास वाटेत तस्करीत बदलल्याची उदाहरणे या प्रदेशात पुष्कळ आहेत. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात ‘माणसांचा अपव्यापार’ अशी संज्ञा आहे, तर महाराष्ट्र पोलिसांच्या कामकाजात ‘अनैतिक मानवी वाहतूक’ ही संज्ञा रूढ आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश भारतात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला असलेली न्यायालयीन मान्यता संपुष्टात आली. त्यापूर्वीच, १८३४ पासून, मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजुरांची भरती सुरू झाली होती. पुढे ती कॅरिबियन बेटे, नाताळ आणि फिजीपर्यंत विस्तारली. भरती करणारे दलाल कामाचे स्वरूप, मजुरी आणि प्रवासाचे अंतर यांविषयी मजुरांची अनेकदा दिशाभूल करीत. मुंबई बंदरातून गेलेल्या कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील मजुरांचे वंशज आज मॉरिशसमधील मराठी समाजात आढळतात. भारतातून होणारी ही भरती १९१७ मध्ये थांबवण्यात आली.

नेपाळमध्ये राणा राजवटीतील पंतप्रधान चंद्र शमशेर यांच्या काळात, १९२० च्या दशकात, गुलामगिरी रद्द झाली. परंतु पश्चिम तराईतील थारू समाजात कर्जापोटी राबण्याची ‘कमैया’ पद्धत टिकून राहिली. नेपाळ सरकारने १७ जुलै २००० रोजी कमैयांची मुक्तता जाहीर केली. २००८ मध्ये ‘हलिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेतमजुरांची आणि २०१३ मध्ये ‘कमलरी’ म्हणजे परघरी कामाला ठेवलेल्या थारू मुलींची प्रथा संपल्याचे घोषित झाले.

देवदासी प्रथेचा मुंबईसारख्या शहरांतील देहविक्रय बाजाराशी दीर्घकाळ संबंध राहिला. कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातील देवीला सोडलेल्या अनेक मुली शहरांतील कुंटणखान्यांत पोहोचवल्या जात. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमाने या प्रथेविरुद्ध कायदे करण्यात आले.

प्रमुख प्रकार

लैंगिक शोषण

मुंबईतील कामाठीपुरा, पुण्यातील बुधवार पेठ, कोलकात्यातील सोनागाछी आणि दिल्लीतील जी. बी. रोड या वस्त्यांत देशांतर्गत राज्यांबरोबरच नेपाळ व बांगलादेशातून आणलेल्या मुली आढळत आल्या आहेत. नेपाळमधील सिंधुपाल्चोक व नुवाकोट हे जिल्हे १९८० व १९९० च्या दशकांत यासाठी विशेष ओळखले जात. कुंटणखान्यात आणलेल्या मुलीच्या नावावर तिची खरेदी किंमत, जेवणखाण आणि औषधोपचार यांचे ‘कर्ज’ लिहिले जाते व ते फिटेपर्यंत तिला मिळकतीचा वाटा दिला जात नाही. अलीकडे हा व्यवसाय ठरावीक वस्त्यांतून लॉज, मसाज केंद्रे, खासगी सदनिका आणि भ्रमणध्वनीवरील व्यवहारांकडे सरकल्याने पीडितांचा शोध घेणे अधिक अवघड झाले आहे.

कर्जबद्ध मजुरी

दक्षिण आशियातील सक्तीच्या मजुरीच्या मुळाशी बहुधा आगाऊ रक्कम असते. पाकिस्तानातील वीटभट्ट्यांवर तिला ‘पेशगी’ म्हणतात, पश्चिम ओडिशात अशा भरतीला ‘दादन’ म्हणतात, तर महाराष्ट्रात ‘उचल’ हा शब्द रूढ आहे. ओडिशातील बलांगीर व नुआपाडा जिल्ह्यांतील कुटुंबे पावसाळ्यानंतर सरदारांकडून, म्हणजे स्थानिक दलालांकडून, रक्कम घेऊन आंध्र प्रदेश व तेलंगणातील वीटभट्ट्यांवर जातात. ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबे याच रीतीने वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर जात आली आहेत.

ऊसतोडीतही नवरा-बायकोचे मिळून एक ‘कोयता’ धरून मुकादमामार्फत उचल दिली जाते. उचल घेऊन केलेले प्रत्येक काम तस्करी ठरत नाही. मात्र हिशेब मजुराला न दाखवणे, किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे आणि रक्कम फिटेपर्यंत काम सोडू न देणे या गोष्टी आढळल्यास ती कायद्याने वेठबिगारी ठरते.

घरकाम आणि बालमजुरी

झारखंडमधील गुमला, खुंटी व सिमडेगा, तसेच आसाम व उत्तर बंगालमधील चहामळ्यांच्या भागांतील मुलींना दिल्ली व परिसरात घरकामासाठी पाठवणाऱ्या ‘प्लेसमेंट’ संस्थांविरुद्ध अनेक गुन्हे नोंदले गेले आहेत. मुलीचे वेतन संस्थेच्या हाती जाते आणि तिचा घराशी संपर्क तुटतो. बिहारमधील मुलांना जयपूरच्या बांगड्यांच्या आणि दिल्ली व मुंबईतील जरीकामाच्या कारखान्यांत आणले जाते. गालिचा उद्योगातील बालमजुरीकडे जगाचे लक्ष वेधण्यात पाकिस्तानातील इक्बाल मसीह या मुलाचा मोठा वाटा होता. कर्जापोटी मागावर बसवलेला हा मुलगा सुटकेनंतर वेठबिगारीविरुद्ध बोलू लागला. १६ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या सुमारे बाराव्या वर्षी, त्याची गोळी घालून हत्या झाली.

विवाहासाठी तस्करी

लिंग गुणोत्तर घटलेल्या हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश व राजस्थानच्या काही भागांत आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड व ओडिशातून पैसे देऊन आणलेल्या वधूंना ‘पारो’ किंवा ‘मोलकी’ म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेत हरियाणात दर हजार पुरुषांमागे ८७९ स्त्रिया होत्या. विवाहाचे रूप असल्यामुळे अशी प्रकरणे पोलिसांपर्यंत क्वचितच पोहोचतात.

परदेशी रोजगार

आखाती देशांतील ‘कफाला’ पद्धतीत कामगाराचे वास्तव्य मालकाच्या प्रायोजकत्वाशी जोडलेले असते. मालकाने पारपत्र काढून घेतल्यास किंवा वेतन थकवल्यास कामगाराला नोकरी सोडणे कठीण जाते. उंटांच्या शर्यतींसाठी पाकिस्तान व बांगलादेशातून नेलेल्या लहान मुलांचा प्रश्न विशेष गाजला. संयुक्त अरब अमिरातीने २००५ मध्ये १८ वर्षांखालील स्वारांवर कायद्याने बंदी घातली. त्यानंतर युनिसेफच्या साहाय्याने एक हजाराहून अधिक मुलांना मायदेशी पाठवण्यात आले आणि शर्यतींत यंत्रमानव वापरले जाऊ लागले.

बंगालच्या उपसागरातून मलेशियाकडे नेल्या जाणाऱ्या रोहिंग्या व बांगलादेशी नागरिकांना थायलंडच्या जंगलातील छावण्यांत डांबून त्यांच्या कुटुंबांकडून खंडणी घेतली जात असे. मे २०१५ मध्ये थायलंड-मलेशिया सीमेवर अशा छावण्या व सामूहिक दफनस्थळे सापडली.

करोना साथीनंतर म्यानमार, कंबोडिया व लाओसमधील सायबर फसवणूक केंद्रे हा तस्करीचा नवा प्रकार पुढे आला. संगणकावरील नोकरीच्या जाहिरातींना भुलून गेलेल्या सुशिक्षित तरुणांना तेथे कोंडून इतरांची ऑनलाइन फसवणूक करण्यास भाग पाडले जाते. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधील अशा केंद्रांतून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे मायदेशी आणण्यात आले.

अवयवांची विक्री

नेपाळमधील काभ्रे जिल्ह्यातील होक्से हे गाव ‘मूत्रपिंडांचे गाव’ म्हणून कुप्रसिद्ध झाले. तेथील गरीब ग्रामस्थांना दलाल अल्प मोबदल्यात भारतात शस्त्रक्रियेसाठी नेत असत. भारतात मानवी अवयवांच्या व्यापारास १९९४ च्या अधिनियमाने बंदी आहे.

मार्ग आणि कार्यपद्धती

भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५० किलोमीटर लांबीची असून १९५० च्या शांतता व मैत्री करारान्वये दोन्ही देशांच्या नागरिकांना मुक्त संचाराची मुभा आहे. २००१ पासून या सीमेवर सशस्त्र सीमा दलाची नेमणूक आहे. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची असून ती नद्या, शेते आणि दाट वस्तीतून जाते. नेपाळचे नागरिक भारतमार्गे तिसऱ्या देशात नेले जाण्याचे प्रकारही सातत्याने आढळले आहेत.

तस्करीच्या साखळीत गावातील ओळखीची व्यक्ती, वाहतूक करणारा, शहरातील दलाल आणि अंतिम मालक असे अनेक दुवे असतात. पहिल्या दुव्यातील व्यक्ती नातेवाईक, शेजारी, प्रियकर किंवा पूर्वी स्वतः तस्करीला बळी पडलेली स्त्री असू शकते. तिला पुढील व्यवहाराची पूर्ण माहिती असतेच असे नाही. छाप्यांत बहुधा खालचे दुवे सापडतात व आर्थिक व्यवहार करणारे सूत्रधार तपासाबाहेर राहतात.

कारणे

दारिद्र्य, भूमिहीनता, कर्जबाजारीपणा, शाळागळती, बालविवाह, हुंडा, जातीय व लैंगिक विषमता ही तस्करीला पोषक कारणे आहेत. नैसर्गिक आपत्तींमुळे त्यांची तीव्रता वाढते. २५ मे २००९ रोजीच्या आयला चक्रीवादळाने सुंदरबनातील शेतजमिनी खारट झाल्या आणि मोठ्या स्थलांतराबरोबर दलालांचा वावरही वाढला. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने पालकांविना मुलांच्या प्रवासावर निर्बंध घातले व आंतरदेशीय दत्तकविधान थांबवले. स्वस्त व आवाज न उठवणाऱ्या श्रमाला असलेली मागणी हे दुसऱ्या बाजूचे कारण असून प्रतिबंधक मोहिमांत त्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते.

व्याप्ती

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, वॉक फ्री आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ४.९६ कोटी लोक आधुनिक गुलामगिरीत होते. त्यांपैकी २.७६ कोटी सक्तीच्या मजुरीत आणि २.२ कोटी सक्तीच्या विवाहात होते. सक्तीच्या मजुरीतील १.५१ कोटी लोक आशिया-पॅसिफिक विभागातील होते.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले व पीडितांची संख्या ६,०३६ होती. सर्वाधिक गुन्हे नोंदवणाऱ्या राज्यांत तेलंगणा व महाराष्ट्र यांचा समावेश होता. या आकड्यांवरून पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे कळतात, प्रत्यक्ष तस्करीचे प्रमाण कळत नाही. एखाद्या राज्यातील जास्त नोंदी अधिक सक्रिय तपासाच्याही द्योतक असू शकतात, तर बेपत्ता व्यक्ती, किमान वेतन किंवा बालमजुरी या सदरांखाली नोंदलेली अनेक प्रकरणे या आकडेवारीत येत नाहीत.

कायदेशीर उपाय

भारत

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार व वेठबिगारी यांना मनाई केली आहे. ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे स्वाक्षरी केलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुषंगाने १९५६ मध्ये संमत झालेला कायदा १९८६ च्या दुरुस्तीनंतर अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम या नावाने लागू आहे. मराठी वृत्तपत्रांत तो ‘पिटा’ कायदा म्हणून ओळखला जातो. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ ने वेठबिगारांची कर्जे रद्दबातल ठरवली.

भारताने २०११ मध्ये पालेर्मो शिष्टाचाराला अनुसमर्थन दिले. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींनंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम १४३ मध्ये असून शोषणाच्या व्याख्येत भीक मागायला लावणे याचाही समावेश केला आहे. तस्करीविषयी एक व्यापक विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले. परंतु राज्यसभेची मंजुरी न मिळाल्याने ते २०१९ मध्ये व्यपगत झाले.

इतर देश

नेपाळमध्ये २००७ चा, बांगलादेशात २०१२ चा, मालदीवमध्ये २०१३ चा आणि पाकिस्तानात २०१८ चा स्वतंत्र तस्करीविरोधी कायदा आहे. पाकिस्तानात १९९२ पासून वेठबिगारीवर कायद्याने बंदी आहे. श्रीलंकेने २००६ मध्ये दंड संहितेत दुरुस्ती करून तस्करी हा गुन्हा ठरवला. बांगलादेश २०१९ मध्ये आणि नेपाळ २०२० मध्ये पालेर्मो शिष्टाचारात सामील झाले.

प्रादेशिक सहकार्य

सार्क संघटनेच्या काठमांडू शिखर परिषदेत ५ जानेवारी २००२ रोजी महिला व बालकांच्या तस्करीविरुद्ध करार झाला. तो केवळ देहविक्रयासाठी होणाऱ्या तस्करीपुरता मर्यादित असल्याने सक्तीची मजुरी आणि पुरुष पीडित त्याच्या कक्षेबाहेर राहिले. भारत व बांगलादेश यांच्यात जून २०१५ मध्ये तस्करी प्रतिबंध, सुटका व मायदेशी पाठवणी यांविषयी सामंजस्य करार झाला.

न्यायालयीन निर्णय

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हीदेखील अनुच्छेद २३ नुसार सक्तीची मजुरी असल्याचे म्हटले. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात न्यायालयाने एका पत्रालाच याचिका मानून फरीदाबाद परिसरातील दगडखाणींची चौकशी करविली. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ मध्ये वीटभट्टी मजुरांनी पाठवलेल्या तारेची याचिका म्हणून दखल घेतली होती.

मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर दिलेला निर्णय सुटकेनंतरच्या कार्यपद्धतीसाठी महत्त्वाचा ठरला. छाप्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलींना आरोपी न मानता बालकल्याण समितीपुढे हजर करावे, पडताळणीशिवाय कोणाच्याही ताब्यात देऊ नये आणि आरोपींच्या वकिलाने पीडितांचे वकीलपत्र घेऊ नये, असे निर्देश त्यात होते. पालक असल्याचा दावा करून मुलींना पुन्हा कुंटणखान्यात नेण्याचे प्रकार रोखणे हा त्यांचा उद्देश होता.

प्रतिबंधाचे प्रयत्न

भारतात जिल्हा पातळीवर अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष स्थापन झाले आहेत. हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी २०१५ पासून ‘ऑपरेशन स्माइल’ व ‘ऑपरेशन मुस्कान’ या मोहिमा राबवल्या गेल्या. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे देशभर पसरली. रेल्वे हा वाहतुकीचा मुख्य मार्ग असल्याने स्थानकांवर रेल्वे सुरक्षा दल व स्वयंसेवी संस्था देखरेख ठेवतात.

स्वयंसेवी क्षेत्रात कैलाश सत्यार्थी यांची १९८० मधील बचपन बचाओ आंदोलन ही संघटना बालमजुरांच्या सुटकेसाठी ओळखली जाते. सत्यार्थी यांना २०१४ चे नोबेल शांतता पारितोषिक मलाला युसुफझाई यांच्यासह मिळाले. प्रीती व प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्रेरणा’ने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रनिवारा सुरू केला. आईचा व्यवसाय चालू असताना मुले वस्तीतून दूर, सुरक्षित राहावीत आणि दुसरी पिढी त्यात ओढली जाऊ नये, अशी त्यामागील कल्पना होती. ठाणे जिल्ह्यात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने आदिवासी वेठबिगारांच्या मुक्ततेचे लढे दिले. सुनीता कृष्णन यांची हैदराबादमधील ‘प्रज्वला’ ही संस्था १९९६ पासून कार्यरत आहे.

नेपाळमध्ये अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये ‘माइती नेपाल’ स्थापन केली. नेपाळी भाषेत ‘माइती’ म्हणजे माहेर. संस्थेच्या कार्यकर्त्या सीमेवरील चौक्यांत ये-जा करणाऱ्या मुलींची विचारपूस करतात. कोइराला यांना भारत सरकारने २०१७ मध्ये पद्मश्री दिली.

सुटका आणि पुनर्वसन

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील कुंटणखान्यांवर पडलेल्या छाप्यांत चारशेहून अधिक मुली व स्त्रियांची सुटका झाली. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. नागरिकत्वाची कागदपत्रे नसल्याच्या कारणावरून नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्यास टाळाटाळ केली व त्यांना अनेक महिने महाराष्ट्रातील सुधारगृहांत राहावे लागले. अखेर नेपाळी स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन शंभराहून अधिक जणींना परत नेले. त्यांच्यापैकी काहींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभारली. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनीच स्थापन केलेल्या व चालवलेल्या या संघटनेला २०१३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या घटनेत दिसलेल्या अडचणी पुढील काळातही कायम राहिल्या. बांगलादेशी पीडितांच्या राष्ट्रीयत्वाची पडताळणी लांबल्यास त्यांचा निवारागृहातील मुक्काम वाढतो. परतल्यावर सामाजिक कलंक, कुटुंबाचा नकार आणि उपजीविकेचा अभाव यांमुळे काहीजणी पुन्हा दलालांच्या हाती सापडतात.

भारतात २००७ पासून ‘उज्ज्वला’ योजनेखाली निवारा, कायदेशीर मदत व प्रशिक्षण दिले जात असे. ही व्यवस्था पुढे ‘शक्ती सदन’ योजनेत समाविष्ट झाली. वेठबिगारांसाठीच्या २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषांना १ लाख, महिला व बालकांना २ लाख आणि अतिगंभीर शोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. मात्र पूर्ण रक्कम मालकाच्या दोषसिद्धीशी जोडल्याने आणि खटले वर्षानुवर्षे चालत असल्याने अनेक मुक्त मजूर केवळ तातडीच्या मदतीवर अवलंबून राहतात.

टीका आणि मतभेद

स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या प्रौढ स्त्रिया आणि तस्करीला बळी पडलेल्या व्यक्ती यांत फरक करावा की नाही, हा या क्षेत्रातील प्रमुख वाद आहे. काही संस्थांच्या मते मागणी संपवल्याशिवाय तस्करी थांबणार नाही. कोलकात्यातील दुर्बार महिला समन्वय समिती आणि सांगलीतील वेश्या अन्याय मुक्ती परिषद या संघटनांचे म्हणणे असे, की सरसकट छाप्यांमुळे प्रौढ स्त्रियांना इच्छेविरुद्ध सुधारगृहांत डांबले जाते आणि अल्पवयीन मुलींची माहिती देऊ शकणाऱ्या स्त्रियाच पोलिसांपासून दूर जातात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन प्रौढ स्त्रियांना सुधारगृहातून मुक्त करताना, पिटा कायद्यान्वये देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा नाही, असे नमूद केले. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींच्या प्रतिष्ठेचे रक्षण करण्याचे निर्देश दिले.

दुसरा आक्षेप स्थलांतरावरील निर्बंधांविषयी आहे. नेपाळ सरकारने २०१२ मध्ये ३० वर्षांखालील स्त्रियांना घरकामासाठी आखाती देशांत जाण्यास मनाई केली. परिणामी अनेक स्त्रिया भारतीय विमानतळांमार्गे, नोंदणी व विम्याविना जाऊ लागल्या आणि संकटसमयी दूतावासाकडे त्यांची नोंद उरली नाही. स्त्रियांचा प्रवास रोखण्याऐवजी भरती संस्थांवर नियंत्रण, गावपातळीवर प्रवासपूर्व माहिती आणि परदेशात तक्रारीची सोय यांवर भर द्यावा, अशी मागणी स्थलांतरितांच्या संघटना करतात.

तपासात लैंगिक शोषणाच्या तुलनेत सक्तीच्या मजुरीकडे दुर्लक्ष होते, अशीही टीका आहे. वीटभट्टीवरील प्रकरणे अनेकदा केवळ वेतनाचा वाद म्हणून मिटवली जातात. साक्षीदार फितूर होणे, पीडितांना साक्षीसाठी दूरवरून पुन्हा पुन्हा यावे लागणे आणि आंतरराज्य तपासातील समन्वयाचा अभाव यांमुळे दोषसिद्धीचे प्रमाण कमी राहते. दूरचित्रसंवादाद्वारे साक्ष नोंदवण्याचा मार्ग काही खटल्यांत वापरण्यात आला असून त्यामुळे परतलेल्या पीडितांना आपल्या गावाजवळूनच साक्ष देणे शक्य झाले आहे.

हेही पहा

वेठबिगारी
बालमजुरी
देवदासी
कामाठीपुरा
सार्क